तमाशबीन की साक्षीदार?

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावात आज कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेल्या मुलांना सामुराई म्हणजे कोण, हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याच तालुक्यातील खर्ड्याच्या लढाईचे साल त्यांना आठवेलच असे नाही. पण जपानी तलवारबाजांची नावे आणि त्यांचे डावपेच त्यांना तोंडपाठ असतात. ही माहिती त्यांना मोबाइलवर पाहिलेल्या जपानी चित्रमालिकांतून मिळते. मुले त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. घरातली वडीलधारी माणसे लांबून हलती चित्रे पाहतात आणि ‘कार्टून असेल’ म्हणून आपापल्या कामाला लागतात.

घरातल्या तरुण मंडळींच्या आग्रहावरून अशीच एक मालिका आम्ही पाहायला घेतली. तिचे नाव ‘शिगुरुई’. मरणाचे वेड, असा काहीसा त्या शब्दाचा अर्थ आहे. जपानमधील मॅडहाउस या संस्थेने २००७ साली तिचे बारा भाग काढले. ती बेतली आहे ताकायुकी यामागुची यांच्या चित्रकथेवर, आणि ती चित्रकथा नोरिओ नान्जो यांच्या कादंबरीवर. मालिका प्रौढांसाठी आहे, हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवून आम्ही पुढे पाहत राहिलो. पाहताना एक प्रश्न मनात उभा राहिला आणि तो अजून तेथेच आहे. असे काही माणसाने पाहावे काय? आणि पाहिले, तर पाहणाऱ्याचे काय होते?

कथा १६२९ सालातली आहे. सुन्पू किल्ल्याचा धनी तोकुगावा तादानागा हा जपानच्या तिसऱ्या शोगुनचा धाकटा भाऊ. हा माणूस इतिहासात खरोखर होऊन गेला. कथेतील सामने मात्र कादंबरीकाराच्या कल्पनेतले आहेत. तादानागा आपल्यासमोर तलवारबाजीचे सामने भरवतो. रिवाज लाकडी तलवारीचा असतो. त्याला खऱ्या तलवारी हव्या असतात. म्हणजे प्रत्येक सामन्यात एक तरी माणूस मरणार. हा हट्ट सोडावा म्हणून त्याचाच एक सेवक त्याच्यासमोर बसतो आणि स्वतःचे पोट चिरून विनंती करतो. धनी हलत नाही. सामने ठरल्याप्रमाणे सुरू होतात. पहिल्या जोडीतला फुजिकी गेन्नोसुके एका हाताने थोटा आहे. त्याच्यासमोर येणारा इराको सेइगेन आंधळा आणि लंगडा आहे. जमलेले लोक चक्रावतात. मग कथा मागे जाते आणि या दोघांची ही दशा कशी झाली, ते सांगू लागते.

पहिला परिणाम किळसेचा होतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हिंदी सिनेमातल्या मारामारीत ढिशूम आवाज होतो, माणूस पडतो, कॅमेरा पुढे जातो. पडलेला माणूस कोण होता, त्याला किती दुखले, हे विचारायला कुणाला सवड नसते. येथे उलट आहे. तलवार क्षणात फिरते आणि त्यानंतर चित्र हलत नाही. जखम उघडते, रक्त येते, माणसाला आपले काय झाले हे हळूहळू कळत जाते, आणि आपल्याला ते सारे पाहावे लागते. कित्येक वेळ संवाद नाही, संगीत नाही. नजर फिरवावीशी वाटते, आणि फिरवताही येत नाही. माणसाला भीषण गोष्ट पाहण्याची ओढ असते. रस्त्यावर अपघात झाला की एसटीतली सगळी डोकी एकाच खिडकीकडे वळतात, ते काही मदतीसाठी नव्हे.

पण दोन-तीन भागांनंतर आमचे लक्ष तलवारीवरून सरकले आणि त्या आसनावर जाऊन थांबले, ज्यावर तादानागा बसला आहे. त्याला कुणाशी वैर नाही. त्या दोघांपैकी कोण मरेल याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याला फक्त पाहायचे आहे. त्याच्या पाहण्यासाठी दोन माणसे मरायला उभी आहेत. आणि मग ध्यानात येते की चित्रकाराने आपल्यालाही नेमके त्याच जागी बसवले आहे. आपणही पाहायलाच बसलो आहोत. फरक एवढाच की आपल्यासमोर रंगवलेली माणसे मरतात.

मालिकेत आणखी एक प्रसंग आहे. कोगान नावाचा म्हातारा गुरू आपली विद्या पुढे चालावी म्हणून मुलीला, मिएला, आपल्या मर्जीतल्या शिष्याच्या हवाली करू पाहतो. तेही भर सभेत, सगळ्या शिष्यांदेखत. गुरूची आज्ञा झाली म्हणून हे पहिलवान शिष्य त्या पोरीला धरून ठेवतात. डोळे वर करून ‘हे बरोबर नाही’ असे त्या धरून ठेवणाऱ्यांपैकी कुणी म्हणत नाही. त्या क्षणी मिएला ही सारी माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी दिसतात. हा प्रसंग आम्हाला तलवारीच्या सगळ्या वारांपेक्षा भयंकर वाटला. रक्ताचा थेंब न सांडता येथे जे घडते, ते घडायला बघ्यांचे गप्प राहणेच पुरेसे आहे.

जपानी लोकच मुळात क्रूर, असे म्हणून हा विषय झटकून टाकण्याची सोय आपल्याला नाही. ज्या १६२९ सालात ही कथा घडते, त्याच साली दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात लखुजी जाधवांना मुलांसह ठार मारण्यात आले. दरबार भरलेला होता. आणि खर्डा तर जामखेड तालुक्यातच आहे. १७९५ च्या मार्चमध्ये निजाम आणि मराठे तेथे समोरासमोर आले. ती लढाई आजही सांगितली जाते, ती कोण जिंकले आणि कोणी किती खंडणी कबूल केली, या हिशोबाने. त्या माळावर पडलेल्या साध्या शिपायाचे, मग तो कुठल्याही बाजूचा आणि कुठल्याही धर्माचा असो, नाव कुणाला ठाऊक नाही. इतिहास ऐकतानाही आपण बहुधा उंच आसनावरच बसलेलो असतो.

अशा चित्रांविषयी आपल्या समाजात दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक उत्तर वडीलधाऱ्यांचे: हे सगळे बंद करा, मुले बिघडतील. दुसरे तरुणांचे: चित्रच तर आहे, करमणूक आहे, त्यात एवढे काय? पहिल्या उत्तरात काळजी आहे, पण जी पिढी खिशात सारे जग घेऊन फिरते तिच्यापुढे बंदी टिकत नाही. शिवाय जी माणसे दंगलीत घरे जाळतात, त्यांनी जपानी मालिका पाहिलेल्या असतात असे नाही. दुसऱ्या उत्तरातही तथ्य आहे. चित्रातला मृत्यू आणि खरा मृत्यू एक नव्हेत. पण ‘त्यात एवढे काय’ म्हणण्याची सवय चित्रापाशी थांबत नाही. आपल्याकडे ती थांबलेली नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील एक वृद्ध गृहस्थ मुलीला भेटायला कल्याणकडे निघाले होते. इगतपुरीजवळ रेल्वेच्या डब्यात, जवळच्या बरणीत मांस आहे एवढ्या संशयावरून, तरुणांच्या टोळक्याने त्यांना मारहाण केली, अर्वाच्य शिव्या दिल्या. डबा माणसांनी भरलेला होता. मारहाणीची चित्रफीत निघाली आणि राज्यभर फिरली. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. त्या वृद्धाच्या जागी आपापले अब्बा दिसल्यामुळे कित्येकांना ती पुरती पाहवली नसेल. त्याच वर्षी ९ डिसेंबरला आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हाल हाल करून त्यांना मारण्यात आले. हे चालू असताना मारेकऱ्यांनीच मोबाइलवर छायाचित्रे व चित्रफिती काढल्या, असे आरोपपत्रातून पुढे आले. २०२५ च्या मार्चमध्ये ती छायाचित्रे लोकांसमोर आली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला आणि एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

या दोन घटनांत मरणारा वा मार खाणारा एकाच धर्माचा नाही, हे मुद्दाम सांगतो. दोन्हींत समान आहे ते चित्र. ज्याने ते काढले त्याला ते पाहून मजा येत होती, किंवा दुसऱ्याला दाखवून रुबाब करायचा होता. तो तादानागाच्या आसनावर बसला होता. पण तेच चित्र जेव्हा रडणाऱ्या माणसांच्या हाती पडले, तेव्हा तो पुरावा झाला. चित्र बदलले नाही, पाहणाऱ्याची जागा बदलली.

आपल्या बोलण्यात एक शब्द आहे, शहादत. आपण तो बलिदानाच्या अर्थाने वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ साक्ष असा आहे. शहीद आणि शाहिद एकाच धातूतून निघतात. दुसरीकडे आपल्याच बोलीत तमाशबीन हाही शब्द आहे, तमाशा पाहणारा. आम्हाला वाटते, हिंसा पाहण्याविषयीचा सगळा नैतिक प्रश्न या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. दोघेही पाहतात. तमाशबीन पाहून मोकळा होतो. साक्षीदारावर मात्र, पाहिले म्हणूनच, काही जबाबदारी येऊन पडते.

करबला आठवा. इसवी सन ६८० मधील ती हकीकत हिंसेने भरलेली आहे. तहान, बाण, कापलेली मस्तके, लहान बाळाचा मृत्यू. हिंसेचे वर्णन ऐकणे सरसकट वाईट असते, तर ही हकीकत चौदाशे वर्षे मुलाबाळांसमोर सांगितलीच गेली नसती. पण ती सांगणारा ऐकणाऱ्याला यजीदच्या दरबारात बसवत नाही. तो त्याला तहानलेल्यांच्या तंबूत नेऊन बसवतो. दरबाराचा प्रसंग येतो तोही बीबी जैनब यांच्या बाजूने, ज्या साखळदंडांत उभ्या राहून दरबाराला त्याचे कृत्य सुनावतात. नगरला मोहरमच्या कत्तलीच्या रात्री सवाऱ्या निघतात, त्यांना हिंदू-मुसलमान दोघेही येतात. आणि ती हकीकत ऐकून दख्खनचा माणूस काय करतो? सबील लावतो, वाटेने जाणाऱ्याला सरबत पाजतो, घरी चोंगे करून शेजारीपाजारी वाटतो. पाण्यावाचून मारल्याची गोष्ट ऐकून हात पाणी द्यायला पुढे होतो.

म्हणून ‘शिगुरुई’विषयी आमचे मत सरळ चांगले किंवा सरळ वाईट असे नाही. मारण्याची मजा ती फारशी येऊ देत नाही. वाराची किंमत जखमेच्या रूपाने समोर ठेवते. आणि आसनावरचा माणूस कोण आहे, हे लपवत नाही. बारा भागांत त्या पहिल्या सामन्याचा निकालसुद्धा दाखवलेला नाही. कोण जिंकले, या प्रश्नाची भूक ती भागवत नाही, हे आम्हाला आवडले. पण तिचे हातही पूर्ण स्वच्छ नाहीत. रक्ताचे शिंतोडे ती कधी कधी इतक्या देखणेपणाने रंगवते की दुःख बाजूला राहते आणि डोळे सुखावतात. स्त्रीचे उघडे शरीर तर अनेकदा त्या आसनावरूनच पाहिले जाते, ज्याचा ती धिक्कार करू पाहते. ज्याच्या मनात आधीच तमाशबीन बसलेला आहे, त्याला यातूनही तमाशाच मिळेल. किशोरवयीन मुलांनी ही मालिका पाहू नये, असे आम्हाला वाटते ते त्यामुळेच.

माणसाचे शरीर पाहण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती शिकायला जामखेडकराला जपानला जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेची पायरी न चढलेल्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. गर्भारणीच्या पायावरची सूज, तान्ह्या बाळाचे वाळत चाललेले दंड, कुष्ठरोग्याच्या अंगावरचा चट्टा, हे या बायका पाहायला शिकल्या. त्याच प्रकल्पात कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळाही आहे. मालिकेत ज्या सहजतेने हातपाय तुटून पडतात, ती पाहताना आम्हाला त्या कार्यशाळेची आठवण होत राहिली. तलवारीला एक अवयव तोडायला क्षण लागतो. त्याच्या जागी दुसरा बसवायचा तर माप घ्यावे लागते, साचा करावा लागतो, घासावे लागते, पुन्हा बसवून पाहावे लागते. मग तो माणूस भिंतीला धरून पहिले पाऊल टाकतो. त्याच्या तुटलेल्या पायाकडे टक लावून पाहणारा कारागीर तमाशबीन नसतो.

तेव्हा घरातल्या तरुणांशी बोलायचे असेल तर ‘हे का पाहतोस?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. तो प्रश्न आला की मोबाइल उशीखाली जातो आणि बोलणे संपते. त्याऐवजी त्यांच्या शेजारी बसून पाहावे आणि मग विचारावे, या गोष्टीत तू कुणाच्या बाजूला बसला होतास? तलवार चालवणाऱ्याच्या, ती झेलणाऱ्याच्या, मिएच्या, तिला धरून ठेवणाऱ्यांच्या, की वर आसनावर बसलेल्याच्या? मुले हुशार असतात, उत्तर देतात. आणि ज्याने एकदा हे उत्तर स्वतःशी दिले, तो उद्या रेल्वेच्या डब्यात कुणा वृद्धावर हात उगारलेला दिसला, तर मोबाइल काढण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल. तो दोघांच्या मध्ये उभा राहील की नाही, याची हमी कोण देणार? पण निदान ‘त्यात एवढे काय’ असे तो म्हणणार नाही.