वहीतला रिकामा रकाना

गेल्या ईदला आमचा भाचा पुण्याहून घरी आला, तेव्हा त्याने मला एक वही दाखवली. निफ्टी निर्देशांकावर चालणाऱ्या फंडाचे युनिट तो सकाळी विकत घेतो आणि बाजार बंद होण्याआधी त्याच दिवशी विकून टाकतो. प्रत्येक व्यवहाराची वेळ, भाव, दलाली, नफा-तोटा हे सर्व वहीत होते. शेवटच्या रकान्यात चूक नोंदवलेली : ‘घाई केली’, ‘तोटा मान्य करण्यास उशीर’, एके ठिकाणी नुसते ‘मोह’. तो म्हणाला, “मामू, लोक याला जुगार म्हणतात. जुगारी कधी वही ठेवतो का?”

प्रश्न प्रामाणिक होता. अशा प्रश्नाला ‘हराम आहे’ एवढे म्हणून वाटेला लावणे हा विचारणाऱ्यावर अन्याय आहे.

निर्देशांक-फंड ही मुळात संशयास्पद वस्तू नाही. त्याचे युनिट घेणे म्हणजे पन्नास कंपन्यांत अल्पसा भागीदार होणे, आणि भागीदारी शरीअतला मान्य आहे. त्या पन्नासांत व्याजावर चालणाऱ्या बँकाही आहेत, ही अडचण खरी. म्हणूनच शरीअतच्या निकषांवर गाळलेला वेगळा निर्देशांक आणि त्यावरचा फंड आपल्या देशातही उपलब्ध आहे. पेच त्यापुढे आहे. जानेवारी 2023 पासून आपल्याकडे घेतलेला शेअर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात जमा होतो. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याच्या खात्यात तो कधी येतच नाही. संध्याकाळी उरतो तो केवळ फरक. प्रेषित (स.) यांनी धान्य ताब्यात घेण्यापूर्वी ते पुढे विकण्यास मनाई केली, हे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. आजचे काही अभ्यासक म्हणतात की सौदा होताच जोखीम खरेदीदाराकडे येते, म्हणून ताबाही आला असे मानावे. मला ते पटत नाही. ज्याला वस्तू नकोच आहे, केवळ तिच्या भावाची हालचाल हवी आहे, त्याने ताब्याची भाषा करावी कशाला?

सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2022-23 या वर्षी शेअरची दैनंदिन उलाढाल करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 76 टक्के होते. पण या आकड्यांवर मी फार भर देत नाही. तोटा होतो म्हणून एखादी गोष्ट वाईट ठरत असेल, तर उरलेल्या तिघांना ती चांगली ठरेल.

मला खिळवून ठेवले ते त्या वहीने. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये आत्मपरीक्षणाचे प्रकरण व्यापाराच्याच भाषेत लिहिले आहे. मनुष्याचे मन हे त्याचे भागीदार. सकाळी त्याच्याशी अटी ठरवायच्या, दिवसभर त्यावर नजर ठेवायची, रात्री हिशेब मागायचा. फर्ज हे भांडवल, नफिल हा नफा, पाप हा तोटा. भाच्याची वही याच नमुन्याची होती, फक्त भांडवलाचा रकाना तिच्यात नव्हता. मोह त्याने नोंदवला होता, पण मोहाने किती पैसे गेले एवढ्यापुरताच. ज्या दिवशी मोहाने पैसे आले, त्या दिवशी चुकीचा रकाना कोरा होता.

मी शुक्रवारची पाने उलटली. एक वाजून दहा मिनिटे, एक पंचवीस, एक चाळीस. बाजार सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत चालतो. खुत्ब्यासाठी तो थांबत नाही. अजान होताच खरेदी-विक्री सोडा, ही आज्ञा सूरह जुमामध्ये आहे, आणि नमाज आटोपल्यावर पुन्हा अल्लाहची कृपा शोधण्यास निघा, हेही तिथेच आहे. व्यापाराला बंदी नाही. फक्त त्या घटकेला त्याने हात सोडावा. “सौदा उघडा होता, मामू,” एवढेच तो बोलला.

आता आम्हा वडीलधाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. मी तीस वर्षे दुकान चालवले. गिऱ्हाइकाला मालाचा दोष सांगितला नाही असे दिवस किती, हे मला सांगता येणार नाही, कारण मी लिहिलेच नाही. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणाऱ्याला प्रेषितांनी (स.) हटकले, ही हदीस मी मुलांना अनेकदा ऐकवली आहे. भाच्याने मात्र आपली चूक तारीखवार लिहून माझ्यापुढे ठेवली. मगरिबनंतर एक कोरी वही मीही काढली. पहिल्या पानावर काय लिहावे, हे बराच वेळ सुचेना.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. शुक्रवारचे पान आता कोरे असते, म्हणाला. सोमवार ते गुरुवारविषयी तो काही बोलला नाही. ताब्याचा प्रश्न मी पुन्हा काढला, तेव्हा म्हणाला, “त्यावर विचार करतोय, मामू,” आणि मग माझ्या वहीत किती पाने झाली ते विचारले.