गुणवत्ता आणि तिऱ्हाईत

गिऱ्हाईक संतुष्ट झाले, की मालाची गुणवत्ता सिद्ध झाली, असे व्यवहारात मानले जाते. ही व्याख्या पुरेशी आहे काय?

१९५० साली जपानात व्याख्याने देणाऱ्या एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाच्या शिकवणीचे सार असे, की गुण तपासणीने निर्माण होत नाही. तो घडणीतच मुरवावा लागतो. दोष घटले, की वाया जाणारा माल आणि श्रम वाचतात, खर्च उतरतो, पत वाढते. पृथ्वीच्या पोटातून धातू व इंधनही तितकेच कमी उपसावे लागते. येथवर स्वार्थ आणि परमार्थ एकाच वाटेने चालतात.

परंतु वाटा फुटतात तेव्हा काय? २०१५ साली फोक्सवॅगनचे कपट उघडकीस आले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत अशी संगणकीय योजना होती, की चाचणीपुरता धूर नियमात राही. रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत. मोटार उत्तम धावे; गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. २०१७ साली कंपनीने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला, दंड भरला. आणि ती आजही उभी आहे.

मग त्या अधर्माची किंमत कोणी मोजली? आम्हा वकिलांच्या भाषेत सांगायचे, तर जो विक्रीच्या करारात पक्षकारच नव्हता, त्या वाटेवर श्वास घेणाऱ्या माणसाने. गुणवत्तेच्या व्याख्येत या तिऱ्हाइताला स्थान हवे, असे आम्हांस वाटते. तो तक्रार घेऊन कारखान्याच्या दाराशी येत नाही. त्याची बाजू मालकाच्या विवेकानेच मांडली पाहिजे, आणि विवेक निजला असता कायद्याने.