तिसरा भाग घ्यायचा का?

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी एका गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेलं आणि हप्त्यांनी येणाऱ्या अनुदानावर चालणारं. पगार, वर्तमानपत्रं आणि वीजबिल निघाल्यावर पुस्तकांसाठी जे उरतं, त्यात दरवर्षी ओढाताण होते. यंदा ती एका मालिकेवरून झाली.

शापित राज्य, तिथला राजपुत्र, आपल्या जगातून तिकडे पळवून नेलेली मुलगी आणि पाच भागांवर पसरलेलं त्यांचं प्रेम. पहिले दोन भाग पुण्यात नोकरी करणाऱ्या कुणीतरी भेट दिले होते. ते इतक्या हातांतून फिरले की बांधणी सुटली. आता अकरावी-बारावीच्या मुली तिसरा भाग मागत होत्या. उरलेल्या तीन भागांच्या किमतीत मराठवाड्यातल्या लेखकांची आठ-नऊ पुस्तकं आली असती.

निवड समितीवर एक निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत. ग्रंथपाल त्यांचीच विद्यार्थिनी. यादीवर बोलायला दोघं बसली आणि बोलणं यादीपाशी थांबलं नाही.

"आवडलं एवढंच पाहायचं असेल तर समिती कशाला?" सरांनी सुरुवात केली. "मागणी लिहून घ्यायची आणि विक्रेत्याला पाठवून द्यायची."

"पण सर, पुस्तक वाचलं जातंय हे आधी नको का बघायला? रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला म्हणतो, पुस्तकं वापरासाठी असतात. दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. या पोरींचं पुस्तक हे आहे."

"आणि तिसरा का गाळलास? प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. कपाटात पडून असलेल्या कथासंग्रहांना वाचक कोण देणार? ज्याला कुणीच मागत नाही, त्याची बाजू घ्यायला कुणी हवं की नको?"

हा मुद्दा साधा नाही. दुसरा आणि तिसरा नियम कागदावर शेजारी शेजारी सुखाने नांदतात. खरेदीचे पैसे मोजके असले की त्यांच्यात भांडण लागतं, आणि ते कुठल्याही छोट्या वाचनालयाला चुकत नाही.

सरांचा खरा आक्षेप मात्र पैशांचा नव्हता. असल्या कथा वाचकाला खऱ्या जगापासून दूर नेतात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मराठीत हे वाटणं जवळजवळ कादंबरीइतकंच जुनं आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची. पाठोपाठ रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. प्रेम, वियोग, अद्भुत प्रसंग आणि शेवटी मीलन अशा या कथांवर वाचक लुब्ध झाले. १८७२मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांविषयी निबंध लिहून या अवास्तवाची झाडाझडती घेतली. सरांना हे सगळं ठाऊक होतं आणि मराठे त्यांना आपल्या बाजूचे वाटत होते.

"सर, खरं जग म्हणता, तर आपल्या धाराशिवच्या लेण्यांचंच बघा ना," ती म्हणाली. "त्यांची जुनी गोष्ट कुठं सापडते?"

सर जरा सावरून बसले. कारण उत्तर त्यांनीच कधीतरी वर्गात सांगितलेलं होतं.

अकराव्या शतकात मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' लिहिलं. त्यात चंपेचा राजा करकंडू दक्षिणेच्या स्वारीवर निघतो आणि तेरापुराजवळ तळ देतो. तिथला राजा त्याला सांगतो की डोंगरात लेणं आहे, वर वारूळ आहे आणि एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. वारूळ खणलं तर पार्श्वनाथाची मूर्ती निघते. लेण्यातल्या जुन्या मूर्तीच्या सिंहासनावरची गाठ फोडताच पाण्याचा लोंढा सुटतो. पुढे करकंडूची राणी मदनावली हिला एक विद्याधर पळवून नेतो. करकंडू सिंहलद्वीपाला जातो, रतिवेगेशी लग्न करतो, परतताना समुद्रात महाकाय माशाशी लढतो, मग त्यालाच एक विद्याधरी उचलून नेते. सगळं फिरून तो पुन्हा तेरापूरला येतो, तेव्हा मदनावली परत मिळते. दहा संधींच्या (सर्गांच्या) या काव्यात मध्येमध्ये उपकथा पेरलेल्या आहेत. हीरालाल जैन यांनी १९३४मध्ये ते संपादित करून छापलं आणि तेरापूर म्हणजे आजचं तेर गाव, लेणी म्हणजे धाराशिवची, अशी ओळख पटवली. लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण त्या वादातही या प्रेमकथेला साक्षीला बोलवावंच लागतं.

"हत्तीची पूजा खोटी म्हणून हे बाजूला ठेवलं असतं, तर लेण्यांचा एक दुवाच तुटला असता," ती म्हणाली.

"तो दुवा हीरालाल जैनांसारख्या अभ्यासकाला सापडला, मुलींच्या वाचनात सापडला नाही. आणि कनकामर मुनींची कथा वैराग्यापाशी पोचते. करकंडू शेवटी राज्य सोडून दीक्षा घेतो. तुझा राजपुत्र कुठं पोचतो?"

"पाचव्या भागात कळेल," ती म्हणाली. "तेच तर मागायल्यात."

मग सर त्यांना सर्वांत जास्त खुपणाऱ्या गोष्टीवर आले. दुसऱ्या भागात राजपुत्र मुलीला कोंडून ठेवतो, तिच्यावर हुकमत गाजवतो, आणि कथा त्यालाच प्रेम म्हणते. ज्या मराठवाड्यात अजून अठराच्या आत मुलींची लग्नं लागतात, मुलीला विचारणं ही अनेक घरांत औपचारिकताच असते, तिथे सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात हे द्यायचं? "पळवून नेणं हीच प्रेमाची खूण, असं तिनं मनात धरलं तर? मी जुन्या मताचा म्हणून बोलत नाही. माझ्या वर्गातल्या मुली नववीनंतर दिसेनाशा झालेल्या मी पाहिल्यात."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता. ही काळजी खरी आहे. कादंबरीने मुली बिघडतात ही ओरड निराळी आणि ही काळजी निराळी. कथेत वारंवार आलेली गोष्ट मनात रूढ होते, हे कुणीही वाचक नाकारणार नाही.

ग्रंथपालने उत्तर न देता अभिप्राय वही उघडली. वाचून परत करताना दोन ओळी लिहायच्या, असा तिचा नियम होता. एकीने लिहिलं होतं की राजपुत्र पहिल्या भागात बोलायचा, दुसऱ्यात नुसता चिडतो, लेखिकेला तो सांभाळता आला नाही. दुसरीने लिहिलं होतं, कोंडून ठेवल्यावर नायिकेने दोन पानांत माफ केलं ते पटलं नाही, मी केलं नसतं. तिसरीला जादूचे नियम बदललेले खटकले होते: आधी लोखंडाने शाप तुटत नव्हता, आता कसा तुटला? एकीला मात्र सगळंच फार फार आवडलं होतं आणि तिने तसं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"एकाच लेखिकेचे दोन भाग ओळीनं वाचल्यावर या पोरी तुलना करायला लागल्या सर. सुटं पुस्तक आवडतं किंवा आवडत नाही, विषय संपतो. मालिकेत पात्र पुन्हा भेटतं, म्हणून ते बदललं तर कळतं."

सर वाचत राहिले. मग त्यांना वडिलांची आठवण आली. वडील निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही सात भागांची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३पासून दहा वर्षांत काढली. पहिले चार भाग मुहम्मद हुसेन जाहने लिहिले, पुढचे तीन अहमद हुसेन कमरने. "वडील सांगायचे, जाह कुठं संपतो ते मुखपृष्ठ न पाहता कळतं. मी ते कधी समीक्षा म्हणून मोजलंच नाही."

"मग हे मोजा."

"मोजतो. पण ज्या मुलीला सगळंच आवडलं, तिचं काय? तिच्यापुरती माझी भीती तशीच राहते."

त्यावर ती लगेच काही बोलली नाही. मग तिने चंद्रकांत काकोडकरांचा खटला काढला. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. कोवळ्या वयाचा वाचक ही कथा वाचून बिघडेल का, हाही प्रश्न तिथे विचारात घेतला गेला. "इतकी वर्षं मुलांबद्दल बोलणं चाललं, सर, आणि बोलणारे सगळे मोठेच."

"बरोबर. पण वाचकावर सगळं सोडून दिलं की काय होतं, तेही बघ. पैठणच्या गुणाढ्याची गोष्ट घे."

कथासरित्सागर सांगतो की गुणाढ्याने रक्ताने लिहिलेली सात लाख श्लोकांची बृहत्कथा सातवाहन राजाने पैशाची भाषेतली म्हणून नाकारली. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. प्राणी चरणं विसरून ऐकत राहिले, वाळले, राजाच्या ताटातलं मांस कोरडं झालं, तेव्हा कुठे राजाला कळलं. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरला तो राजपुत्र नरवाहनदत्ताचा भाग, विद्याधरींशी त्याचे विवाह आणि त्याची साहसं. तो गुणाढ्याने शिष्यांना आवडता म्हणून राखला होता.

"बघा ना सर! राजाची परीक्षा चुकली, आणि वाचकांच्या आवडीनं एक लाख तरी वाचले. तेही प्रेमकथेचे आणि जादूचेच."

"मला उलटं दिसतं. शिष्यांना आवडलं तेवढंच राहिलं. बाकीच्या सहा लाखांत काय होतं, हे आता कुणालाही कळणार नाही. माझ्या कपाटातले कथासंग्रह त्या सहा लाखांतले आहेत."

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच यादी पूर्ण होईना. शेवटी तिसऱ्या भागाचं नाव लिहिलं गेलं. चौथ्या-पाचव्याचं लिहिलं नाही. त्या रकमेत मराठवाड्यातल्या दोन कथाकारांची पुस्तकं घालायची, आणि ती दोन्ही ग्रंथपालने स्वतः वाचून मुलींना सांगायची, अशी सरांची अट होती. तिने ती मान्य केली. तिचीही एक अट होती: चौथ्या भागाचं ठरवताना वहीत लिहिणाऱ्या मुलींना समितीच्या बैठकीला बोलवायचं.

"सोळा वर्षांच्या मुली समितीत?"

"बोलायला, मत द्यायला नव्हे. पण सर, एक आधीच सांगा. चौथा नको असं त्या म्हणाल्या, तर त्याला तुम्ही जाण म्हणाल. हवा म्हणाल्या, तर नुसती आवड म्हणाल का?"

"कारण काय देतात ते पाहीन."

"जिला कारण सांगता येत नाही, तिचं?"

"तिला मी पुन्हा विचारीन. तिचं नाव सगळ्यात आधी लिही." सरांनी वही मिटली आणि बैठकीची तारीख काढायला लागले. बारावीची परीक्षा तोंडावर होती, आणि पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचे होते.