बहुमताची जुळणी

पुष्कळांनी स्वीकारली एवढ्यावरून एखादी रीत योग्य ठरते काय? या प्रश्नाचा विचार करताना रशियातील सात तारांच्या गिटारचे उदाहरण आम्हांस उद्बोधक वाटते. आंद्रेई सिख्रा (मृत्यू १८५०) या वादकाने तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तिच्या तारा खर्जाकडून वर प सा ग प सा ग प अशा लावतात. पडद्यावर बोट न ठेवता त्या छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ उमटतो. सहा तारांच्या स्पॅनिश गिटारीत तो बोटांनी घडवावा लागतो.

१९२६ साली आंद्रेस सेगोविया सोव्हिएट देशात वादन करून आला. पुढे तेथे सहा तारा बळावल्या, सात मागे पडल्या. हा निवाडा केवळ गुणांवर झाला, असे आम्हांस म्हणवत नाही.

सात तारांची सोयही फुकट मिळत नाही. मोकळ्या तारेचा स्वर बोटाने चढविता येतो, उतरविता येत नाही. कोमल गंधार हवा तर दुसऱ्या तारेचा आश्रय करावा लागतो. निर्दोष जुळणी कोणतीच नाही. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून आपण तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतो. पंचमाचा बहुप्रचार तेथे प्रमाण मानीत नाही.

तेव्हा सात तारांसाठी रचलेले संगीत सहा तारांवर विस्कटले, तर तो त्या संगीताचा दोष नव्हे. रूढी ही साक्ष आहे, निकाल नव्हे. अल्पसंख्यांच्या रीतीची पारख तिच्याच जुळणीत व्हावी, एवढीच न्यायाची मागणी आहे.