ठेवणार की सोडणार?

गेल्या पावसाळ्यात अकरा दिवस माझ्या फोनवरच्या कार्टमध्ये एक काळी नळी पडून होती. सात फूट लांब, कार्बनची, बुडाला करंगळीइतकी जाड आणि टोकाला काडेपेटीतल्या काडीइतकी बारीक. रोज रात्री मी कार्ट उघडायचो, नळीकडे बघायचो आणि फोन बाजूला ठेवून द्यायचो.

तिला ब्लँक म्हणतात. गळाची काठी स्वतः बांधणारे लोक इथून सुरुवात करतात. ब्लँकला मूठ नसते, रीळ बसवायची जागा नसते, तंगूस ओवायच्या कड्या नसतात. ते सगळं आपण करायचं. कॉर्कची मूठ चिकटवायची, एकेक कडी दोऱ्यानं गुंडाळून बांधायची, त्यावर इपॉक्सीचा थर द्यायचा आणि तो ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत काठी सावकाश फिरवत ठेवायची. दोऱ्याचा रंग तुमचा, मुठीचा आकार तुमचा, हवं तर नावही घाला.

नाव ब्लँक असलं तरी ही नळी कोरी नसते. कार्बनचं कापड एका निमुळत्या सळईभोवती गुंडाळून भट्टीत भाजलं, की काठीचा स्वभाव ठरून जातो. ती किती जोर लावल्यावर वाकणार, म्हणजे तिची पॉवर, आणि कुठून वाकणार, म्हणजे तिची अ‍ॅक्शन, या दोन्ही गोष्टी तिथेच पक्क्या होतात. फास्ट अ‍ॅक्शनची काठी टोकाकडच्या भागातच वाकते, मॉडरेट मध्यापर्यंत, स्लो थेट मुठीपर्यंत. नंतर तुम्ही कितीही सुंदर दोरा गुंडाळा, स्वभाव फारसा बदलत नाही. म्हणून काठी बांधणारे सांगतात की बाकी सगळं चुकलं तर उसवून परत करता येतं, पण ब्लँक नीट निवडा.

मला ते निवडता येईना, म्हणून मी पुण्यातल्या एका काकांकडे गेलो. निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत काठ्या बांधतात. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर सरकवून आकडे वाचले आणि विचारलं, “कशासाठी?”

“खडस.” महसीरला आपल्याकडे खडस म्हणतात.

“ठेवणार की सोडणार?”

“सोडणार,” मी जरा अभिमानानंच म्हणालो.

“मग हा नको. ठेवणार असशील तर काहीही घे. सोडणार असशील तर याच्यापेक्षा दणकट घे.”

मला हे उलटं वाटलं. मासा सोडून द्यायचा तर हलकी, नाजूक काठी बरी ना? माशालाही संधी मिळते. जाड काठीनं ओढून काढण्यात काय मर्दुमकी?

मी एकटाच असा विचार करत नाही. गळानं मासे धरण्याच्या छंदाचा इतिहास बराचसा हलकेपणाकडे गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर भारतातून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू चिरून, त्याच्या सहा पट्ट्या षटकोनात चिकटवून काठ्या करायचे. पुढे त्यांना चीनमधला टोंकिन बांबू जास्त आवडला. १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, तो बांबू मिळेनासा झाला आणि नुकत्याच आलेल्या फायबरग्लासचं फावलं. १९७३ मध्ये फेनविक कंपनीनं ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बनच्या काठ्या बाजारात आणल्या आणि हातातलं वजन आणखी उतरलं.

इथे काकांनी मला अडवलं होतं. “वजनानं हलकं आणि ताकदीनं हलकं, यात घोळ करू नकोस. कार्बनची काठी ग्रॅममध्ये हलकी असून भरपूर दणकट असू शकते. तू निवडलेली ताकदीनंच हलकी आहे.”

पण प्रतिष्ठा आहे ती या दुसऱ्या हलकेपणालाच. १९३९ साली स्थापन झालेली आयजीएफए ही संघटना मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवते, तेही तंगूस किती ताकदीचा होता त्याच्या वर्गवारीनुसार. म्हणजे तोच मासा बारीक तंगुसावर काढलात तर तुमचं नाव वेगळ्या रकान्यात येऊ शकतं. ली वुल्फ हा अमेरिकेतला फार मोठा मासेमार. पकडलेला मासा सोडून द्यावा, हा विचार तिथे रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. आणि हाच वुल्फ प्रसिद्ध होता तो सहा फुटांच्या, दोन औंसांहूनही हलक्या बांबूच्या काठीवर सामन मासे काढण्यासाठी. माशावरची दया आणि काठीचा नाजूकपणा एकाच माणसात सुखानं नांदत होते. माझ्यातही नांदत होते.

मग काकांच्या प्रश्नानं मला इतकं का टोचलं, ते सांगायला हवं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात सह्याद्रीतल्या एका धरणाच्या फुगवट्यावर मी मित्राची अगदी नाजूक काठी घेऊन बसलो होतो. लहान माशांसाठीची काठी. तिला खडस लागला. काठी मुठीपर्यंत वाकली, रीळ कर्र करत सुटली आणि पुढची पंचवीस मिनिटं मी आयुष्यात इतका जागा कधीच नव्हतो. तो खोल जायचा, मी वाट बघायचो; तो थकायचा, मी चार हात तंगूस गुंडाळायचो. शेवटी तो काठाशी आला तेव्हा एका कुशीवर कलला होता. मित्रानं फोटो काढला. शेपटीच्या वर दोन खवले गेलेले होते. मी त्याला पाण्यात धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यानं शेपूट हलवली आणि तो गेला. आम्ही टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठालगतच्या लाकडांच्या ओंडक्यांत एक खडस पांढरं पोट वर करून तरंगत होता. शेपटीच्या वर दोन खवले नव्हते.

तो तोच होता का? शपथेवर सांगता येणार नाही. माशांचे खवले जातात, मासे इतर कारणांनीही मरतात. मित्र अजून झोपला होता. मी त्याला सांगितलं नाही. फोटोवर तोवर तीनशे लाइक आले होते.

पंचवीस मिनिटांत माशाच्या शरीरात काय होतं, ते मी नंतर वाचलं. जिवाच्या आकांतानं पोहताना मासा ज्या पांढऱ्या स्नायूंनी जोर लावतो, ते ऑक्सिजनची वाट न बघता साठवलेली शक्ती जाळतात. लॅक्टिक आम्ल साचत जातं, रक्ताचं संतुलन बिघडतं. झुंज जितकी लांबते तितकं हे वाढतं. पाणी कोमट असेल तर त्यात ऑक्सिजन आधीच कमी, म्हणजे सावरणं आणखी कठीण. आणि या सगळ्यातून गेलेला मासा हातातून नीट पोहत जाऊन काही तासांनी मरू शकतो. आपल्याला दिसतं ते पोहत जाणं.

काकांचं गणित आता सरळ होतं. मासा खायचाच असेल तर तो किती थकला यानं त्याच्या जगण्यात फरक पडत नाही. सोडायचा असेल तर प्रत्येक मिनिट त्याच्या खात्यातून जातं. दणकट काठी ते मिनिट वाचवते. ‘माशाला संधी’ म्हणून मी जी नाजूक काठी निवडत होतो, ती माशाला निसटायची संधी थोडीशी देत होती, आणि उरलेल्या वेळात माझी मजा लांबवत होती.

संधी, न्याय, बरोबरीचा सामना हे सगळे शब्द आखाड्यातले आहेत. कुस्तीत हलक्या पैलवानासमोर हलका पैलवान देतात, कारण दोघंही लाल मातीत स्वतःच्या पायांनी उतरलेले असतात. माशानं शड्डू ठोकलेला नसतो. तो जेवायला आलेला असतो. ज्यानं खेळ मान्यच केला नाही, त्याच्याशी नियमानं खेळलो म्हणून आपण न्यायी कसे ठरतो?

“पण माशाला दुखतं कुठे?” असं कुणीतरी म्हणेलच. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यात इजा ओळखणारे चेतातंतू दाखवले. ओठांत आम्ल किंवा मधमाशीचं विष टोचलेले मासे डोलत राहिले, खाणं टाळत राहिले. आम्ल टोचलेले काही तर खड्यांवर ओठ घासत होते. उलट ब्रायन की यांनी २०१६ मध्ये मांडलं की वेदना ‘जाणवायला’ मेंदूचा जो भाग लागतो तो माशात नाहीच. हे सगळं नुसती प्रतिक्रिया आहे. वाद चालू आहे. पण मला ब्लँक आज निवडायचा होता. समोरच्याला दुखतं की नाही याची खात्री नसताना, चुकलो तर किंमत कोण भरणार, एवढं तरी बघता येतं. दुखत नसेल आणि मी दणकट काठी घेतली, तर माझी थोडी मजा बुडेल. दुखत असेल आणि मी नाजूक घेतली, तर ती किंमत मी भरणार नाही.

इथवर आल्यावर एक पाऊल पुढे टाकणं भाग आहे. मग काठीच कशाला? माझे मालवणकडचे आजोबा खाडीत नुसत्या हातानं तंगूस सोडून गरवायचे. लहानपणी मी एकदा लागलेला मासा उगाच खेळवत बसलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “खावचो आसात तर पकड, नायतर रवांदे.” जर्मनीचा कायदा बराचसा आजोबांसारखा विचार करतो. सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ नये, असं तो म्हणतो. खाणं हे सबळ कारण धरलं जातं, सोडून देण्यासाठीच पकडणं धरलं जात नाही. अमेरिकेतल्या कित्येक नद्यांवर नेमकं उलटं आहे. तिथे सोडणारा सज्जन, ठेवणाऱ्याला दंड.

मला आजोबांचं म्हणणं बरोबर वाटतं, आणि तरी ते पुरत नाही. त्याचं कारण कावेरी.

कावेरीत कुबड असलेला एक महाकाय महसीर राहतो. तिथल्या कॅम्पवर येणारे हौशी मासेमार मासा पकडून, नोंद करून सोडायचे. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा दिसलं की कुबडाचा महसीर झपाट्यानं कमी होतोय आणि निळसर परांचा महसीर वाढतोय. हा दुसरा कावेरीचा नव्हे. तो आपल्याकडचा, दख्खनचा खडस. लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होते. ती पिल्लं मोठ्या सद्भावनेनं दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली, कावेरीतही. २०१८ मध्ये कुबडाच्या माशाची शास्त्रीय ओळख पटली, टोर रेमादेवी, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. ही घसरण दाखवणारा पुरावा आला तो माशांशी ‘खेळणाऱ्या’ लोकांच्या वह्यांमधून. केवळ खाणाऱ्यानं किंवा केवळ हात जोडणाऱ्यानं त्या वह्या लिहिल्या नसत्या.

म्हणजे खेळ पूर्ण वाईट म्हणून मला सुटका नाही, आणि खेळ चांगला म्हणूनही नाही. नदीकडे मी बघतो तो काठीमुळे. ही ओढ खोटी नाही. फक्त तिचा हप्ता कोण भरतंय, हे मला विसरायचं नाही.

काकांनी शेवटी मला ब्लँक मोजायला शिकवलं. अमेरिकेतल्या विल्यम हॅनमन यांची ही साधी पद्धत: ब्लँक आडवा घट्ट धरायचा, टोकाला पिशवी अडकवायची आणि टोक लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तिच्यात नाणी टाकत जायची. कंपन्यांचे ‘मीडियम’, ‘हेवी’ हे शब्द एकमेकांशी जुळत नाहीत, नाणी जुळतात. मी निवडलेल्यासारखाच एक ब्लँक त्यांच्याकडे होता. तो ४६ नाण्यांत वाकला. दुसऱ्याला ९० लागली. मी नाणी टाकत होतो आणि मनात मिनिटं मोजत होतो.

तेव्हा लक्षात आलं की त्या हिवाळ्यात फुगवट्यावर माझ्या हातात निर्णय घ्यायला काही उरलंच नव्हतं. लागलेला खडस, बारीक तंगूस, मुठीपर्यंत वाकलेली काठी. जोर लावला तर तुटणार आणि मासा तोंडात गळ घेऊन जाणार. नाही लावला तर पंचवीस मिनिटं. मी तिथे दयाळू असतो किंवा क्रूर, वेळ तेवढाच लागला असता. ठरायचं ते आधीच ठरलं होतं, कोरड्या जमिनीवर, मासा नजरेसमोर नसताना, ‘मजा येईल’ असं म्हणून काठी उचलली तेव्हा. आपण सचोटीची परीक्षा ऐनवेळी होईल असं धरून चालतो. बरेचदा ऐनवेळेपर्यंत ब्लँक भाजून तयार झालेला असतो.

मी कार्ट रिकामी केली आणि ९० नाण्यांचा ब्लँक घेतला. कड्या हिरव्या दोऱ्यानं बांधल्या. दोन ठिकाणी इपॉक्सीत बुडबुडे राहिले आहेत.

या जानेवारीत त्याच फुगवट्यावर तिला पहिला खडस लागला. मी काठी खाली धरून सरळ जोर लावला. घड्याळ पाहिलं होतं: चार मिनिटंही झाली नव्हती. त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला. त्याला धरून ठेवावंच लागलं नाही. हातावर पाणी उडवून तो निघून गेला.

आणि मी हिरमुसलो. खरं सांगतो. इतक्यात संपलं? असं वाटलं. बराच वेळ काठावर बसून मी त्या हिरमुसण्याकडे बघत राहिलो. मागच्या वेळी मी त्या माशाकडून नेमकं काय घेतलं होतं, ते आज मिळालं नव्हतं, म्हणून मला मोजता येत होतं. साधारण एकवीस मिनिटं.