आधी गाडी बंद करा

ताडोबात मोहर्लीच्या गेटातून सकाळची जिप्सी आत शिरली, की सगळे डोळे ताणून बसतात. गाइड मात्र कान लावून असतो. दूर कुठे चितळाचा धोक्याचा कॉल आला, की तो ड्रायव्हरला हळूच म्हणतो, ''बंद कर न भाऊ गाडी. आयकू दे जरा.'' इंजिन थांबतं. बांबूच्या रांजीआडून पुन्हा एक कॉल येतो आणि गाइडचा हात नेमका त्या दिशेला जातो.

हे त्याला कसं कळतं? उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्याला किंचित उशिरा आणि किंचित दबून. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावर दिशा सांगतो. ॲलन ब्लुमलाइन या इंग्लिश इंजिनिअरला सिनेमा पाहताना खटकलं, की नट पडद्यावर इकडून तिकडे जातो, आवाज मात्र एकाच जागी बसून राहतो. 1931 साली त्याने दोन कानांच्या या हिशेबावर पेटंटसाठी अर्ज केला. आपल्या घरातल्या स्टिरिओचं मूळ तिथे आहे. दोन स्पीकर नीट मांडले, की गाणारा त्या दोघांच्या मधोमध येऊन बसतो. तिथे खरं तर काहीच नसतं.

आपण मात्र एक स्पीकर शोकेसवर ठेवतो आणि दुसरा फ्रिजवर. रेडिओची जागा पूर्वी उंच फळीवर असायची. ती सवय आपण स्पीकरलाही लावली. माझेही स्पीकर कित्येक वर्षं कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात होते. तबला घुमायचा, शब्द त्यात बुडायचे. मी दोष मशीनला द्यायचो आणि नव्या जोडीचे भाव विचारत फिरायचो.

एका दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. सामान भिंतींपासून दूर ओढलेलं, गाद्यांचा ढीग एका बाजूला, स्पीकर दोन स्टुलांवर. संध्याकाळी थकून जमिनीवरच बसलो आणि सहज गाणं लावलं. तानपुरा मागे गेला, तबला उजवीकडे सरकला, गळा समोर आला. स्पीकर तेच होते आणि वायरही तीच. बदलली होती फक्त जागा.

कारण साधं आहे. खर्जाचा आवाज चहूकडे पसरतो. भिंत जवळ असली की तो तिच्यावरून परततो आणि मूळ आवाजात मिसळून फुगतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन अशा तिन्हींचा परतावा मिळतो, म्हणून तिथे जास्तच घुमतं. तार आवाजाचं उलटं आहे. तो टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, म्हणून वरचा लहान स्पीकर, ज्याला ट्विटर म्हणतात, तो बसल्यावर कानांच्या उंचीला यावा. भिंतीपासून हात-दीड हात अंतर ठेवावं. दोन स्पीकरमध्ये सात फूट असतील, तर आपणही प्रत्येकापासून साधारण सात फुटांवर बसावं. आपली पाठही भिंतीला टेकलेली नसावी. मागच्या वायरींचा लाल-काळा क्रम एका स्पीकरला उलटा लागला, तर खर्ज पातळ होतो आणि गाणारा मधून नाहीसा होतो. तो क्रम आधी तपासावा.

बाजूच्या भिंतीसाठी एक घरगुती युक्ती आहे. आपण आपल्या जागी बसायचं आणि घरातल्या कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगायचं. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून आपल्याकडे येतो. त्या जागी पुस्तकांची मांडणी किंवा जाड पडदा आला आणि टाइल्सवर सतरंजी पडली, की निम्मं काम झालं.

स्पीकर विकत घेतानाची गोष्ट वेगळी. आपण सागवानाच्या मुलखातले लोक. बल्लारशा आणि आलापल्लीची नावं लाकडावरून ओळखली जातात. त्यामुळे डबा सागवानीच हवा, असं मन म्हणतं. पण इथे अभिमान जरा बाजूला ठेवावा लागतो. सतारीच्या भोपळ्याने बोलावं, स्पीकरच्या डब्याने बोलू नये. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि टणक, खणखणीत नाद आला की घेतो. स्पीकरच्या डब्यावर बोटाच्या पेराने ठोकावं आणि 'ठप' असा मुका आवाज आला तरच पुढची चौकशी करावी. म्हणून आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेला जाड एमडीएफचा साधा डबा पुष्कळदा देखण्या लाकडाला मागे टाकतो. दुकानात आपलं पाठ असलेलं गाणं न्यावं आणि ज्या दोन जोड्यांत निवड करायची त्या सारख्याच आवाजात ऐकाव्यात, कारण जरा मोठा लावलेला स्पीकर नेहमीच चांगला वाटतो. आणि दहा बाय बाराच्या खोलीत कमरेएवढे स्पीकर आणू नयेत. त्यांचा खर्ज तिथे मावत नाही.

एवढं करूनही आमच्या चंद्रपुरात एक अडचण उरतेच. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीतला कूलर दिवसरात्र घरघरतो. पंचेचाळीस अंशांत तो बंद करा म्हणण्याची कुणाची छाती नाही. मग आपण गाणं मोठं करतो, कूलर आपलं काम करत राहतो आणि कान दोघांच्या भांडणात थकून जातात. मी आता मन लावून ऐकायचं गाणं हिवाळ्यातल्या रात्रीसाठी राखून ठेवतो.

विचार केला तर या सगळ्याचं सार गाइडच्या त्या एका वाक्यात आहे. इंजिन, डबा, भिंत, कूलर, ज्याचं त्याचं स्वतःचं काहीतरी म्हणणं असतं आणि समोरून येणारं त्याखाली दबतं. यात माझाही समावेश करायला हवा. घरातलं कुणी बोलत असतं, तेव्हा माझ्याही डोक्यात पुढचं उत्तर घरघरत असतं. समोरचा चांगला बोलत नाही, अशी माझी तक्रार असते, आणि माझी जागा कोपऱ्यात आहे हे माझ्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा नवी जोडी घेण्याआधी आज रात्री एवढं करून पाहा. आहेत तेच स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, कानांच्या उंचीला आणा, समोर मधोमध बसा आणि पंखा पाच मिनिटं बंद ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.