ज्यांचे अंगण, त्यांचा शब्द

वास्तुकलेच्या महाविद्यालयांत ‘स्टुडिओ’ नावाचा एक विषय असतो. विषय म्हणण्यापेक्षा तो त्या शिक्षणाचा प्राणच म्हणावा. शिक्षक एखादे काम नेमून देतात : अमुक वस्तीसाठी वाचनालय, तमुक गावासाठी समाजमंदिर. विद्यार्थी रात्री जागवून आराखडे काढतात, पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करतात आणि अखेरीस परीक्षकांपुढे उभे राहतात. ज्या घरांतील मुलेमुली या शाखेकडे वळली आहेत, त्या घरांना ही जागरणे परिचयाची आहेत. परीक्षक चुका दाखवितात, चार गुण कमी होतात आणि प्रतिकृती माळ्यावर जाते. ज्या वस्तीच्या नावाने हे सारे घडले, तिला त्याचा पत्ताही नसतो. येथवर कोणाचेच काही बिघडत नाही. प्रश्न उभा राहतो तो कागदावरचे समाजमंदिर खरोखरच बांधले जाते तेव्हा.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात हेल नावाचा परगणा आहे. एके काळचा कापसाचा मुलूख, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आणि दारिद्र्य जुने. १९९३ साली ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ या प्राध्यापकांनी आपले विद्यार्थी तेथे नेले. ‘रूरल स्टुडिओ’ हे त्या उपक्रमाचे नाव. विद्यार्थ्यांनी तेथेच राहायचे, लोकांशी बोलायचे, आराखडा काढायचा आणि तो स्वतःच्या हातांनी उभा करायचा. १९९५ साली त्यांनी टाकाऊ टायरांत माती ठासून एक प्रार्थनामंदिर बांधले. पुढे मेसन्स बेंड या वस्तीत मातीच्या जाड भिंतींचे समाजमंदिर झाले. त्यावर भंगारातील मोटारींच्या पुढच्या काचा माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसविल्या होत्या. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली.

ती पाहताना कौतुक वाटतेच. पण आम्हांस त्यात एक खडा टोचतो. शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच. त्या चुकांची किंमत गरिबाने का मोजावी? कोणी म्हणेल, वैद्यकीचा विद्यार्थीही रुग्णावरच शिकतो. खरे आहे, पण त्याच्या मागे जाणता वैद्य उभा असतो आणि रुग्ण बरा होऊन घरी जातो. गळणारे छप्पर मात्र कोठेही जात नाही. शिवाय गरिबाला ‘हे तुम्हांस आवडले का?’ असे विचारून भागत नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूला ‘नको’ म्हणण्याची मुभा त्याला कोणी दिलेलीच नसते. धर्माच्या गायीचे दात विचारू नयेत, हे आपल्या भाषेनेही त्याला बजावून ठेवले आहे.

हेल परगण्याला पाहुण्यांचा हा अनुभव नवा नव्हता. १९३६ साली लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स तेथे आले, वाट्याने शेती करणाऱ्या तीन गोऱ्या कुटुंबांत वावरले. त्यातून १९४१ साली निघालेल्या ग्रंथाचे नाव ‘लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन’. हे शब्द आपल्या बायबलातील बेन सिराच्या ग्रंथातले, चव्वेचाळिसाव्या अध्यायाच्या आरंभीचे. लेखकाचा हेतू शुद्ध होता. आपण परक्यांच्या दुःखात डोकावत आहोत याची बोचणी त्याने पानोपानी मांडली आहे. ग्रंथ गाजला, तरी त्या कुटुंबांच्या काही वंशजांच्या मनात पुढे कडवटपणा राहिला. शुद्ध हेतू एवढ्यावर भागत असते तर तो राहिला नसता.

मग विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्यांतच रमावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या मते येथे कसोटी एकच : बांधणारा पुन्हा त्याच वाटेने रोज जातो की नाही. आपल्याकडे सभागृह बांधायचे ठरले की व्यासपीठाच्या उंचीवर तासभर चर्चा होते. जेवणावळीनंतर भांडी घासायला नळ कोठे, हे मात्र ती घासणाऱ्या बायांनाच सुचते. त्यांना विचारणारा माणूस गावातच राहणारा असला, तर न विचारल्याचे फळही त्याला ऐकावे लागते.

मॉकबी २००१ साली निवर्तले. उपक्रम तेथेच गुंडाळला गेला असता. तो अँड्र्यू फ्रीअर यांनी पुढे चालविला आणि त्याची प्रकृती हळूहळू बदलली. न्यूबर्न हे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव. तेथे २००४ साली विद्यार्थ्यांनी अग्निशामक केंद्र बांधले, २०११ साली त्याच्याच शेजारी नगर सभागृह, आणि २०१३ साली एका जुन्या बँकेच्या इमारतीत वाचनालय. ग्रीन्सबरो गावातील लायन्स पार्क तर एका तुकडीने पुरे केलेच नाही. २००६ पासून वर्षामागून वर्षे नवे विद्यार्थी आले : कोणी बेसबॉलची मैदाने आखली, कोणी शौचालये बांधली, कोणी पुदिन्याचे तेल वाहून नेलेल्या सुमारे दोन हजार पिंपांतून मुलांसाठी भुलभुलैया रचला. मोटारींच्या काचांइतके हे काम डोळ्यांत भरत नाही. शौचालयाचे चित्र कोण छापणार? पण आम्हांस त्यात अधिक मोठी विद्या दिसते. आधीच्याने काय केले, ते कोठे तुंबले, कोठे झिजले, हे पाहिल्यावाचून पुढच्याला रेघ ओढता येत नाही.

या शाळेची एक रीत आम्हांस विशेष आवडली. सत्राच्या आरंभी विद्यार्थी आराखड्यांना हात लावीत नाहीत. तो आठवडा ‘नेकडाऊन’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे मानेखालचे शरीर राबविण्याचा. त्या दिवसांत ते फावडी आणि हातोड्या घेऊन बाहेर पडतात आणि आपल्या आधी येऊन गेलेल्यांच्या बांधकामांची डागडुजी करतात.